सावंतवाडीत मुलांना घेऊन: आधी राजवाडा, मग चितारआळी

सावंतवाडीला खेळणी बघायला येणारी बहुतेक मंडळी थेट चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीत शिरतात, अर्ध्या तासात दोन पिशव्या भरतात आणि आंबोलीच्या वाटेला लागतात. मुलं बरोबर असतील तर क्रम उलटा ठेवा. आधी मोती तलावाकाठचा राजवाडा, तिथल्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, नीट बघून व्हायला हव्यात, आणि मगच आळी. कारण गंजिफाचं पान आणि लाकडी आंबा या दोन्हींवर वरचं काम एकाच तऱ्हेचं असतं: पांढरं अस्तर, त्यावर रंग, त्यावर चकाकी. पान हातात धरून समजलं की आळीतली खेळणी निवडणं सोपं जातं.

कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, सात-आठ किलोमीटर बाहेर आहे. रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर रिक्षा आधी सांगून ठेवा. राजवाडा आणि आळी चालण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे गावात गाडी लागत नाही. सकाळी जा. दुपारी गावाला डुलकी लागते, आणि रंग पारखायला सकाळचा उजेडच बरा.

राजवाडा अठराव्या शतकातला, तिसरे खेम सावंत यांच्या काळचा. गंजिफा रंगवणारे कारागीर दरबार हॉलमध्येच बसतात. ही कला जवळपास संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम सुरू केलं आणि नवे हात तयार केले. गंजिफा मुळात इराणकडून आलेला खेळ. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संच ९६ पानांचा, आठ रंगांचा; रंग म्हणजे आपल्या पत्त्यांत बदाम-इस्पिक असतात तसे. आपल्याकडे त्याचा दशावतार झाला: दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. बारांत एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी दहा साधी पानं.

इथे मुलांना एक हिशोब घाला. एका अवताराच्या साध्या पानांवर एक ते दहा मिळून ५५ चिन्हं येतात. दहा अवतारांची झाली ५५०. म्हणजे एका संचासाठी ५५ मासे, ५५ कासवं, ५५ परशू असं करत कुणीतरी साडेपाचशे चिन्हं बारीक कुंचल्याने काढतो, राजे-प्रधान वेगळेच. नऊचं आणि दहाचं पान शेजारी ठेवून बघा. एवढ्याशा वर्तुळात दहावं चिन्ह बसवताना बाकीच्या नवांची मांडणीच बदलावी लागते. राजा आणि प्रधान यांच्या चित्रांत काय फरक आहे तो मात्र सांगू नका, मुलांनाच शोधू द्या.

पान गोल का, हा प्रश्न हमखास येतो. जुनी पानं कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून करत. वर खडूच्या पुडीचं अस्तर, ते घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. अशा जाड पानाला कोपरे असते तर सर्वांत आधी तेच दुमडले असते आणि तिथूनच पापुद्रे सुटले असते. गोल पानाला कोपराच नाही. पिसायलाही सोपं: चादरीवर पसरायची आणि तळहाताने फिरवायची. आता कापडाच्या जागी बहुतेक पुठ्ठा असतो, त्यात फसवणूक नाही. छापील संच आणि हाताने रंगवलेला संच यांच्या किमतीत मात्र मोठा फरक असतो. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच अवताराची सातची आणि आठची पानं घ्या आणि चिन्हं जुळवा. हातकामात कोणतेही दोन मासे हुबेहूब सारखे नसतात.

राजवाड्यात तासभर पुरतो. आळीला त्याच्या दुप्पट वेळ ठेवा.

चितारआळीतली जुनी खेळणी पांगाऱ्याची. हे लाकूड हलकं, मऊ, पटाशीला सहज वळणारं. पांगारा कमी झाला तसं आंब्याचं लाकूड आलं, सपाट वस्तूंना प्लायवूडही आलं. दोन सारख्या आकाराचे पेरू दोन हातांत धरा, जड लागेल तो बहुधा पांगाऱ्याचा नाही. जड म्हणजे वाईट असं नाही. आंब्याचं लाकूड मजबूत असतं, पण पुरतं वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जास्त आक्रसतं, त्यामुळे बाहेरून आत गाभ्याकडे जाणारी उभी भेग पडते. म्हणून फळ घेताना देठाकडची आणि बुडाची बाजू बघा. भेग तिथे आधी दिसते. रंगाखाली दोऱ्यासारखी रेघ दिसली तर ते फळ परत ठेवा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच रेघ उघडते.

खरी परीक्षा अस्तराची. लाकडाची रंध्रं बुजवायला आणि रंग उठून दिसायला पांढरं अस्तर लागतं. ते पातळ द्यायचं, वाळू द्यायचं, पॉलिश पेपरने घासायचं, मग पुन्हा द्यायचं. घाईत एकच जाड हात मारला की वरून माल तुकतुकीत दिसतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो, कारण लाकूड दमटपणाने फुगतं-आक्रसतं आणि जाड अस्तर त्याच्याबरोबर हलत नाही. भोपळ्याच्या फाकांमधली खाच किंवा फणसाचे काटे नखाने हलकेच चाचपून बघा. खाचेत अस्तर साचलेलं असेल तर पोपडा तिथूनच सुटणार. काजूचं बोंड हा उत्तम नमुना. वरचं बोंड पिवळं-लाल, खाली राखाडी बी, दोन्ही जिथे मिळतात ती रेघ. ती सरळ आणि स्वच्छ असेल तर पुढचा संच डोळे मिटून घ्या. एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा हापूसवर आणि वांग्याच्या देठाजवळ बघण्यासारखी असते.

रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून कळतं. विक्रेत्याला विचारून करा, कुणी नाही म्हणत नाही. पण फडकं कोरं राहिलं म्हणजे रंगात शिसं नाही असं होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७पासून आहे. तेव्हा डबाबंद चांगल्या कंपनीचा रंग वापरलाय का, एवढं विचारा. खेळण्यांवर आयएसआय खूण जानेवारी २०२१पासून सक्तीची झाली खरी, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे खूण नाही म्हणून नाक मुरडू नका, आणि सूट आहे म्हणून तपासणीही सोडू नका.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी घेत असाल तर भाज्यांच्या संचातली मिरची, लिंबू, लसूण सरळ बाजूला काढा. सव्वा इंच व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. मापाची नळी प्रमाणित चाचणीत ३१.७ मिलिमीटरची असते. घरून पुठ्ठ्याची तेवढी सुरळी करून न्या, दुकानात उभ्या उभ्या वाद मिटतो. या वयाला पांगुळगाडा बरा. तीन चाकी गाड्याची मूठ मुलाच्या छातीच्या उंचीला यायला हवी. फार खाली असेल तर मूल वाकून ढकलतं आणि गाडा पुढे पळतो. गुळगुळीत फरशीवर लाकडी चाकं घसरतात, त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा. आसाची खुंटी हलवून बघा. ढिली असेल तर तिथेच ठोकून घ्या, घरी आणून खिळा मारलात तर मऊ लाकूड चिरतं.

भातुकली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणू नका. नव्या रंगाला आत वास कोंडतो आणि वस्तू एकमेकींना चिकटतात. प्रत्येक नग वर्तमानपत्रात गुंडाळा; ताजा रंग असेल तर आत आधी साधा कोरा कागद, नाहीतर पिवळ्या केळ्यावर बातमी छापून येते. घरी कपाटात खेळण्याखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर भुंगा लागलाय. रॉकेल ओतायची गरज नाही, मुलांच्या वस्तूंवर तर मुळीच नको. नग पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर गार लाकडावर पाणी धरतं आणि अस्तर सुटतं.

गंजिफा घेतल्या असतील तर त्या भिंतीवर लटकवू नका, खेळा. १२० पानांचा पूर्ण डाव तीन जणांत ४० पानांचा होतो, मुलांना तो झेपत नाही. सुरुवातीला मत्स्य, राम आणि कृष्ण एवढेच रंग काढा: ३६ पानं, प्रत्येकाला १२. हुकमाचा रंग नसतो. सर्वांत मोठा राजा, मग प्रधान. पुढची गंमत अशी की परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाच अवतारांत दहा मोठा आणि एक्का सर्वांत लहान, तर मत्स्यापासून वामनापर्यंत उलटं, एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. मोठी माणसं इथे हटकून चुकतात, सातवी-आठवीतली मुलं दुसऱ्या डावापासून चुकत नाहीत. उतारी कुणाची यावर भांडण नको: दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो, दिवेलागणीनंतर बसलात तर कृष्णाचा.