सुरू होणारी रॅम आणि भरवशाची रॅम

चार महिन्यांपूर्वी मीच तयार केलेली छायाचित्रांची एक मोठी झिप फाईल उघडायला गेलो, तेव्हा दोन छायाचित्रांचा सीआरसी (माहिती बिघडली का हे ताडणारा पडताळणीचा आकडा) जुळत नसल्याचा संदेश आला. पहिला संशय अर्थातच डिस्कवर गेला. पण डिस्कच्या सगळ्या चाचण्या निर्दोष निघाल्या. मग रॅमच्या प्रयोगांची माझी वही काढली आणि तारीख ताडून पाहिली. फाईल तयार केली त्याच आठवड्यात मी रॅमची गती ३२०० वरून ३६०० मेगाट्रान्सफरवर (सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार) नेली होती आणि अर्ध्या तासाच्या चाचणीवर समाधान मानून ‘स्थिर’ असा शेराही मारला होता. त्या काळात संगणक एकदाही अडखळला नव्हता, निळा पडदा दिसला नव्हता, खेळही सुरळीत चालत होते. फाईल लिहिली जाण्याआधी रॅममध्येच कुठेतरी एखादा बिट उलटला होता आणि डिस्कने ती चूक इमानेइतबारे जपून ठेवली होती. यातली खरी भीतीची गोष्ट वेगळीच आहे. तोच बिट सीआरसी मोजण्याच्या आधी उलटला असता, तर चुकीच्या माहितीचाच सीआरसी नोंदला गेला असता आणि मला काहीही कळले नसते.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेले वेगवान प्रोफाईल) चालू करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (मानकापेक्षा जास्त गतीने चालवणे) नव्हे, असे अनेकांना वाटते. ते चुकीचे आहे. डीडीआर४ या पिढीच्या रॅमचे मानक व्होल्टेज १.२ असते, तर बहुतेक वेगवान स्टिकच्या (रॅमच्या पट्ट्यांच्या) एक्सएमपी प्रोफाईलमध्ये ते १.३५ असते. ते प्रोफाईल स्टिक बनवणाऱ्याने तपासलेले असते. परंतु आपल्या प्रोसेसरमधला, रॅमशी व्यवहार सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आणि आपला मदरबोर्ड त्या तपासणीत नव्हते. चारही स्लॉट भरलेले असतील तर कंट्रोलरवरचा भार आणखी वाढतो, म्हणून छापील गती दोन स्टिकवर मिळाली तरी चारवर मिळेलच असे नाही.

गतीचा आकडा मोठा म्हणजे रॅम चपळ, हा दुसरा गैरसमज. दर चक्राला दोन व्यवहार होत असल्याने ३२०० गतीच्या रॅमचे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे सीएल (माहिती मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंतची चक्रे) १६ म्हणजे १० नॅनोसेकंदांची प्रतीक्षा होते. ३६०० वर सीएल १८ ठेवला तर तीही नेमकी १० नॅनोसेकंदच भरते. बँडविड्थ वाढली, प्रतीक्षा तेवढीच राहिली. ३६०० वर सीएल १६ जमला तर ती सुमारे ८.९ नॅनोसेकंदांवर येते, आणि माझा सारा खटाटोप एवढ्या फरकासाठी होता. माझा प्रोसेसर रायझन ५००० मालिकेतला असल्याने त्याहून वर जाण्यात अर्थही नव्हता. ३६०० वर रॅम आणि प्रोसेसरमधले इन्फिनिटी फॅब्रिक (त्याच्या भागांना जोडणारा आतला दुवा) ही दोन्ही १८०० मेगाहर्ट्झवर एकास एक चालतात; फॅब्रिकला त्यापुढे साथ देता आली नाही तर हे प्रमाण मोडावे लागते, आणि मग ४००० ची रॅम व्यवहारात ३६०० पेक्षा संथ वाटू शकते.

झिप फाईलच्या प्रकरणानंतर मी सगळे मूळ पदावर आणून नव्याने सुरुवात केली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळला. आधी टायमिंग (सीएलसारख्या प्रतीक्षांचे आकडे) सैल ठेवून गती वाढवली, ती टिकल्यावर टायमिंग एकेक करून आवळले. यात सर्वाधिक वेळ टीआरएफसीने, म्हणजे रॅमच्या एका रिफ्रेशला (साठवलेले बिट पुन्हा भरण्याला) दिलेल्या अवधीने, खाल्ला. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपसाठी मानकात तो ३५० नॅनोसेकंद धरलेला आहे, म्हणजे ३६०० गतीला ६३० चक्रे. माझ्या स्टिकवर ५६० चक्रे रात्रभर टिकली. ५४० वर मात्र तासाभराने पहिली चूक आली. वीस चक्रांचा हा फरक वापरात कधीही जाणवणार नाही, तरीही त्यासाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या हे प्रांजळपणे कबूल करतो.

उष्णतेचा संबंध येतो तो या रिफ्रेशमध्येच. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि तो सतत झिरपत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशचा आदेश द्यावा लागतो. चिप जितकी तापेल तितके हे झिरपणे वाढते. त्यामुळेच ८५ अंश सेल्सिअसच्या वर रिफ्रेश दुप्पट वेगाने करावा असे मानक सांगते. काही जण गती मिळवण्यासाठी टीआरईएफआय वाढवून दोन रिफ्रेशमधले अंतर ताणतात. त्याने गती मिळते हे खरे, पण उष्णतेसाठी राखून ठेवलेली सवलतच त्यात खर्ची पडते. माझी जुनी चाचणी झाली होती ती ग्राफिक्स कार्ड निवांत असताना. प्रत्यक्ष वापरात त्या कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर येत असे. आता मी रॅमच्या चाचणीसोबत ग्राफिक्स कार्डावरही भार टाकतो, आणि जे सेटिंग थंडपणे आठ तास टिकले होते, ते अशा वेळी चाळीस मिनिटांत कोसळलेले पाहिले आहे.

चाचणीचा क्रमही ठरून गेला आहे. आधी यूएसबीवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक फेरी घेतो, कारण ढोबळ चूक असेल तर ती विंडोज सुरू होण्याआधीच कळलेली बरी. अस्थिर रॅमवर विंडोज चालवले की तिच्या स्वतःच्या फाईलीही बिघडू शकतात. त्यानंतर टेस्टमेम५ किंवा कारू हे तसेच प्रोग्रॅम रात्रभर, आणि मग प्राईम९५ या प्रोग्रॅममधली लार्ज एफएफटी ही चाचणी, कारण तीत मेमरी कंट्रोलरही भरडला जातो. दहा तासांत एकच चूक आली तरी ते सेटिंग नापास. सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत व्हीया-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांच्या, नोंदी आहेत का, हेही पाहतो. फॅब्रिकची कुरकुर बऱ्याचदा तिथेच प्रथम दिसते.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. संगणक सुरू होताना मदरबोर्ड रॅमचे ट्रेनिंग करतो, म्हणजे सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे जुळवून घेतो, आणि सेटिंग अगदी काठावरचे असेल तर हे जुळणे दर वेळी सारखे होत नाही. त्यामुळे रात्री उत्तीर्ण झालेले सेटिंग सकाळी थंड संगणक सुरू केल्यावर नापास होऊ शकते. म्हणून प्रत्येक सेटिंगची चाचणी मी किमान तीन वेळा घेतो, आणि दर वेळी आधी संगणक पूर्ण बंद करून वीज तोडतो.

चूक आली की व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो. मी मात्र आधी टायमिंग सैल करून पाहतो. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजवर) १.३ ची मर्यादा घातली. रॅमला गती देताना मदरबोर्ड हे व्होल्टेज आपणहून वाढवतात, म्हणून ‘ऑटो’वर विसंबण्यापेक्षा आकडा स्वतः भरावा. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चुका दुरुस्त करण्याची सोय असते. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणारी चूक तिच्या कक्षेबाहेर राहते, म्हणून तिथेही चाचणी टळत नाही.

गेल्या महिन्यापर्यंत माझे सेटिंग ३६०० वर १६-१९-१९-३९ हे टायमिंग, टीआरएफसी ५६० आणि १.३८ व्होल्ट असे होते. फाईली संकुचित करताना आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या खेळांत थोडा फरक दिसतो, ब्राउझरमध्ये अजिबात नाही. गेल्या महिन्यात नवे, अधिक तापणारे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर हीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा दुसऱ्या रात्री पाचव्या तासाला एक चूक आली. म्हणून टीआरएफसी ५८० केला आहे आणि आज रात्री पुन्हा पहिल्यापासून फेरी लावणार आहे.