पडद्यावरच्या वाटेने चालायला शिकताना

पक्षाघातानंतर मी चालत होतो, पण नजर जमिनीला खिळवून. डावा चवडा उचललाच जायचा नाही, म्हणून अख्खा पाय कमरेतून अर्धगोल फिरवत पुढे टाकायचा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्हर्च्युअल रिअॅलिटीचं, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगाचं, नाव काढलं तेव्हा मनात आलं, इथे खरी जमीन झेपेना, खोटी कुठून झेपणार?

डोळ्यांवर चढवायचा हेडसेट मला मानवलाच नाही. समोरचं दृश्य पळतंय आणि स्वतःचे पाय मात्र दिसत नाहीत, त्यामुळे लगेच मळमळायला लागलं. (असं झालं तर तिथल्या तिथे सांगा, भिडेखातर सोसू नका. फिट येत असतील तर आधीच डॉक्टरांना विचारा.) मग ट्रेडमिल आणि समोर मोठा पडदा, असं ठरलं.

पडू नये म्हणून वरून टांगलेला हार्नेस (आधाराच्या पट्ट्यांचा साज) छाती-मांड्यांना आवळलेला, ट्रेडमिलचा पट्टा अगदी संथ. पडद्यावर पायवाट, आणि पायाखालच्या पट्ट्यावर उजेडाचे चौकोन सरकत यायचे. पाऊल नेमकं त्यात पडायला हवं. तिथे कळलं की माझं डावं पाऊल लांब आणि उजवं आखूड पडतंय. डाव्या पायावर भार पेलत नसल्यामुळे उजवा घाईघाईने टेकायचा. बाई चौकोनांमधलं अंतर बदलून उजव्याला थोपवायच्या, म्हणजे तेवढा वेळ डाव्याला उभं राहणं भाग. पुढे उजेडाच्या आडव्या पट्ट्या आल्या, ओलांडायच्या. चवडा अडकला तर नुसती घंटी वाजायची. पडण्याची धास्ती नव्हती, म्हणूनच गुडघा वाकवून बघायची हिंमत झाली.

मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शाबूत भागाला ते काम शिकवावं लागतं, तीच हालचाल घोटून घोटून. पडद्यामुळे ते घोटणं सुसह्य झालं, एवढंच त्याचं श्रेय. घोट्याचे व्यायाम, खुर्चीतून उठबस, पायाला आधार देणारा स्प्लिंट, काहीही सुटलं नाही. या जोडीला पडदा असेल तर उपयोग. नुसत्या पडद्यावर विसंबायला कोणी सांगत असेल तर मी दोनदा विचार करेन.

प्रगती मोजतात ती 10 मीटर चालण्याच्या वेळेवर. सेकंदाला साधारण 0.8 मीटर, म्हणजे साडेबारा सेकंदांत हे अंतर कापलं, तर बाहेर वावरण्याजोगा वेग धरतात. मी अजून त्याच्या मागे आहे. हल्ली बाई पडद्यानंतर लगेच कॉरिडॉरमध्ये चालवतात, चालता चालता वजाबाक्या विचारतात. वजाबाकीचं उत्तर जमतं, पण समोरून कोणी आलं की मी भिंतीकडे सरकतो. सध्या त्यावरच काम चालू आहे.