चंद्र कुठल्या बाजूला होता?

पणजी, २ जुलै

आज संकष्टी. आभाळ इतकं भरलेलं आहे की चंद्र दिसायची आशाच नको. पंचांगात पणजीची वेळ बघायची आणि जेवायला बसायचं.

संकष्टी करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट न शिकता येते: चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी उगवणारा चंद्र वद्य चतुर्थीला म्हणूनच आपल्याला नऊ-साडेनऊपर्यंत उपाशी ठेवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो. शुद्ध पक्षातली कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि लवकर मावळते. ती मध्यरात्री पूर्वेला उगवलेली कुणी लिहिली, तर लेखकाने आकाशाकडे बघितलेलं नाही हे समजावं.

अद्भुतकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांना हे ज्ञान फार उपयोगी पडतं. टोल्किनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना यावरच डोकं फोडून घेतलं होतं. १९४४ च्या मे महिन्यात मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याची तक्रार आहे, की कथेतले चंद्र अशक्य गोष्टी करताहेत. एकाच वेळी प्रदेशाच्या एका भागात उगवताहेत आणि दुसऱ्या भागात मावळताहेत. पात्रांची फाटाफूट झाल्यावर दोन्हीकडच्या रात्री जुळवायला त्याला मागची प्रकरणं उसवावी लागली.

म्हणून फोनवर एकत्र वाचणाऱ्या मंडळींसाठी पहिला प्रश्न हाच बरा: या प्रकरणात चंद्र कुठल्या बाजूला होता? ‘तुम्हाला हे पुस्तक का आवडतं?’ असं विचारलं की सगळे सभ्य, गोड आणि एकसारखं बोलतात आणि दहा मिनिटांत बोलणं आटपतं. चंद्राचं विचारलं की पानं उलटायचा आवाज येतो.

५ जुलै

सप्टेंबरच्या वाचनाचं वेळापत्रक. कादंबरी तीन खंडांत छापली गेली (१९५४-५५), पण आतून ती सहा भागांची आहे. प्रकरणं अनुक्रमे १२, १०, ११, १०, १० आणि ९, एकूण ६२.

सुरुवात २२ सप्टेंबरला, बिल्बो आणि फ्रोडो या हॉबिटांच्या (कथेतली बुटक्या लोकांची जमात) वाढदिवशी. अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे सलग मोजलं तर ५६ व्या. या दोन तारखांमध्ये २६ आठवडे आणि वर दोन दिवस आहेत. तेव्हा एक आठवडा एकाच प्रकरणाचा, २० आठवडे दोन-दोन प्रकरणं आणि ५ आठवडे तीन-तीन: १, ४० आणि १५, झाली ५६. तिनाच्या आठवड्यांपैकी तीन पाचव्या भागात टाकावेत. तिथली प्रकरणं धावती आहेत. दुसऱ्या भागाचं दुसरं प्रकरण, एलरॉन्डच्या घरची ती लांबलचक सभा, मात्र दुसऱ्या कशालाही जोडू नये; एकाच प्रकरणाचा आठवडा तो. पहिली गळती तिथेच होते. उरलेल्या ६ प्रकरणांना मार्चनंतर तीन आठवडे पुरतात.

दर फेरीला कुणीतरी सुचवतंच, की कथेतल्या तारखांप्रमाणे वाचू या, ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवशी. कल्पना मोहक आहे आणि ती फसते. २५ ऑक्टोबरच्या सभेनंतर मंडळी निघतात थेट २५ डिसेंबरला. दोन महिने वाचायला काही नाही. आणि २६ फेब्रुवारीला सोबत्यांची ताटातूट झाली की पुढच्या महिन्याभरात ३४ प्रकरणं कोसळतात. शिवाय ‘महिनाभर’ म्हणजे नेमके किती दिवस हाही वाद आहेच. हॉबिटांच्या पंचांगात प्रत्येक महिना ३० दिवसांचा, फेब्रुवारीसुद्धा. उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत. अधिकमास पाहिलेल्यांना याचं नवल वाटू नये.

गोव्यापुरत्या दोन अडचणी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, काही वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर येते. तेव्हा आरंभाला निम्मी माणसं माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली) असणार. पहिला आठवडा एकाच प्रकरणाचा ठेवून पुढे भरून काढावं. आणि कथेतली मंडळी थंडीत दबकत निघतात त्या २५ डिसेंबरच्या संध्याकाळी गोव्यात फोनवर कुणी सापडेल अशी अपेक्षाच करू नये.

८ जुलै

वीज नाही. थोडक्यात लिहितो. पावसाळ्यात बोलणं ठरवायचं तर पर्यायी वार आधीच सांगून ठेवावा. आठपेक्षा जास्त माणसं नकोत, पाचांपेक्षा कमीही नकोत. ५० मिनिटं पुरतात, त्यातली पहिली दहा मोठ्याने वाचायला. आवाजी निरोप दोन मिनिटांच्या वर गेला की लोक ‘नंतर ऐकतो’ म्हणतात, म्हणजे ऐकत नाहीत. संदर्भ पानाने देऊ नये, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी; भाग, प्रकरण, आणि सुरुवातीपासून किंवा शेवटून कितवा परिच्छेद ते सांगावं. पुढचं फोडणारा निरोप असेल तर आधी प्रकरणाचा आकडा, मग पाच-सहा ओळी मोकळ्या, मग मजकूर.

११ जुलै

नावांची यादी सप्टेंबरच्या आधी व्हायलाच हवी. कारण अगदी व्यावहारिक आहे: एकजण गॅन्डाल्फ लिहितो, दुसरा गँडाल्फ, तिसरा गंडाल्फ, आणि तीन महिन्यांनी जुनं बोलणं शोधायला गेलं की तिसराच निघतो. तीसेक नावं ठरवून टाकली की पुरे.

पण यादी करायला बसलं की गंमत कळते. रोमन लिपीत नाव न उच्चारताही वाचून पुढे जाता येतं. देवनागरीत लिहायचं म्हणजे आधी उच्चार ठरवावा लागतो, पळवाट नाही. टोल्किनने पुस्तकाच्या शेवटच्या परिशिष्टांत उच्चारांचे नियम दिले आहेत आणि त्या नियमांनी आपली निम्मी लेखनं चुकतात. कथेतल्या एल्फ जमातीच्या नावातला ‘सी’ नेहमी ‘क’. सेलेबॉर्न नव्हे, केलेबॉर्न. सिरिथ नव्हे, किरिथ. ‘सॉरॉन’ चूक, तिथे आपला ‘औ’ हवा: सौरॉन. ‘डीएच’ दिसलं की हात ‘ध’कडे जातो, पण तो ध्वनी मराठीत ‘द’च्या जवळचा, म्हणून काराद्रास. आणि ‘र’ सगळीकडे ठसठशीत म्हणायचा, व्यंजनाआधीही. इंग्रज माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं. आपण ‘मॉर्डॉर’ म्हणताना दोन्ही ‘र’ आपोआप बरोबर लावतो.

लिहिलेलं एक आणि म्हटलेलं एक, याची सवय गोव्याच्या माणसाला आहेच. पाटीवरचं रोमन अक्षर वाचून पाहुणा ‘बिचोलीम’ म्हणतो, गाव असतं डिचोली. ‘संक्वेलीम’ची साखळी, ‘क्वेपेम’चं केपे. पोर्तुगीज कानांनी ऐकून लिहिलेली स्पेलिंगं आजही पाट्यांवर आहेत. अशा ठिकाणी राहणाऱ्याला नाव आणि त्याचं लेखन या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे समजावून सांगावं लागत नाही.

अर्थाने भाषांतर करायच्या नावांचा घोळ वेगळाच. डच आणि स्वीडिश अनुवादकांनी केलेले उद्योग बघून टोल्किनने पुढच्या अनुवादकांसाठी एक टिपण करून ठेवलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, छापलं गेलं. मुख्य सूत्र असं: इंग्रजी अर्थाची नावं आपापल्या भाषेत न्या, टिपणाच्या यादीत नसलेली जशीच्या तशी ठेवा. आता हॉबिटांच्या प्रदेशाचं नाव देवनागरीत जसंच्या तसं लिहिलं तर होतं ‘शायर’, आणि मराठी वाचकापुढे गझल म्हणणारा उभा राहतो. ‘परगणा’ बरा वाटतो, ‘महाल’ त्याहून जुना. पण त्या प्रदेशाचे चार ‘फार्दिंग’, म्हणजे चतुर्थांश? ‘चौथाई’ म्हटलं की मराठ्यांची वसुली आठवते. इथे गोव्याच्या जुन्या नावांकडे बघावं: तीस वस्त्यांची तिसवाडी, बारा देशांचा बारदेश, सहासष्टांची साष्टी. आकड्यावरून पडलेली गावठी, झिजलेली नावं. टोल्किनला नेमकी अशीच झीज हवी होती. ‘चौवाडी’ चालेल का, हे मंडळींना विचारायचं आहे. फोंड्याहून विरोध येणार.

१६ जुलै

सगळ्यांत जुनं भांडण: बालरॉगला, म्हणजे कथेतल्या आगीच्या राक्षसाला, पंख होते की नव्हते? दुसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण. आधी येतं, की त्याच्याभोवतीची सावली दोन अजस्र पंखांसारखी पसरली. पुढे थोड्याच अंतरावर, की त्याचे पंख एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरले. इंग्रजी वाचक यावर कित्येक वर्षं एकमेकांना चिडवत आले आहेत.

मराठीत हे भांडण जास्त सरळ मांडता येतं, कारण शाळेत अलंकार घोकलेले असतात. पहिलं वाक्य उपमा; ‘सारखी’ आहे, सावली वेगळी आणि पंख वेगळे. दुसऱ्या वाक्यात साधर्म्याचा शब्दच नाही. मग ते रूपक, म्हणजे सावलीलाच पंख म्हटलंय? की साधं विधान, खरोखरचे पंख? पहिल्या वाक्यात अनुवादकाने ‘जणू पंखच’ केलं तर ती उत्प्रेक्षा झाली आणि तोल पंखवाल्यांकडे झुकला. एका शब्दाने पक्ष बदलतो. माझं मत रूपकाचं: पंख असलेला प्राणी पुलावरून असा दगडासारखा का पडेल? त्यावर उत्तर येतं, की अरुंद भेगेत पंख उघडणार कसे. यालाही उत्तर आहे, आणि त्यालाही.

या वादाला एकच नियम लावावा: पुरावा फक्त पानावरचा. २००१ च्या चित्रपटाने पंख दाखवले, ते इथे चालत नाहीत. नियम नसला तर बोलणं पंखांवरून नटांवर जातं आणि पुस्तक बंद होतं.

अंतरांचे प्रश्न असे भांडखोर नाहीत, पण नव्या माणसाला बोलतं करायला उत्तम. तीन सोबत्यांनी चौथा दिवस संपायच्या आत ४५ लीग तुडवले असं तिसऱ्या भागात येतं. लीग तीन मैलांचा धरला तर १३५ मैल, सुमारे २१७ किलोमीटर. गोव्याची दक्षिणोत्तर लांबी १०५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तेरेखोलहून निघून पोळेपर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही पायी, ओर्क नावाच्या राक्षसांच्या मागावर. हा हिशेब मांडला की सगळ्यांत गप्प माणूसही म्हणतो, ‘आणि मध्ये झोपले किती?’

२० जुलै

पहिल्या भागात भेटणारा टॉम बॉम्बाडिल कोण, याचं इंग्रजीत समाधानकारक उत्तर नाही. इथे पेडण्याचा वाचक एका वाक्यात सांगतो: ‘तो आमचो राखणदार’, म्हणजे गावाची शीव राखणारा देवचार. शीव ठरलेली, तिच्या आत त्याचा शब्द चालतो, बाहेर तो पाऊल टाकत नाही, आणि त्याला कुणी नेमलेलं नाही. कथेतल्या सभेतही अंगठी त्याच्याकडे ठेवायचा विषय निघतो आणि सोडून दिला जातो. देवचाराच्या हवाली जगाची राखण करायची कल्पना गावात कुणाला सुचणार नाही. तो वाडा सांभाळतो, तेवढं पुष्कळ.

२३ जुलै

अजून एक बाब ठरायची आहे आणि ती सर्वांत नाजूक: मोठ्याने वाचताना, मराठीत सांगताना, कोण कुणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’?

इंग्रजीत हा प्रश्न उठतच नाही. पण टोल्किनला तो पडला होता. परिशिष्टांत भाषांतराविषयी लिहिताना त्याने नोंद केली आहे. कथेतल्या पश्चिमेच्या सामान्य बोलीत आदरार्थी रूपं होती, हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून ती गेली होती. म्हणून पिपिन हा हॉबिट मिनास टिरिथ या राजनगरीला पोचल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांना ‘तू’ म्हणत सुटला, खुद्द तिथला कारभारी डेनेथॉर यालासुद्धा. म्हाताऱ्या कारभाऱ्याला मौज वाटली, नोकर हादरले, आणि हा आपल्या मुलखातला कुणी फार बडा माणूस असावा अशी बोलवा उठली.

गोव्यातल्या वाचकाला ही टीप वाचून हसू आवरत नाही. कोकणीत आईला तूं, बापाला तूं, शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थालाही बरेचदा तूंच. तीच सवय मराठीत उतरली की पुण्याचा माणूस दचकतो. फोनवरच्या मंडळीत दोन्ही प्रकारचे लोक असले की पहिल्या महिन्यात कुणीतरी दुखावतंच. उपाय सोपा आहे: ही पिपिनची टीप पहिल्याच आठवड्यात मोठ्याने वाचायची. पुढे कुणी चुकून ‘तू’ म्हणालं की समोरचा ‘पिपिन’ म्हणतो आणि विषय संपतो.

त्याच टिपेत आणखी एक बारीक वाक्य आहे, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ती आदरार्थी रूपं हॉबिटांत पूर्ण मेली नव्हती. पश्चिम फार्दिंगच्या गावकऱ्यांत ती उरली होती, पण लाडाने बोलण्यापुरती. आपण दोन वर्षांच्या पोराला ‘या, बसा, काय म्हणताय?’ म्हणतो, तसं. आणि फ्रोडोचा सोबती सॅम, त्याचं गाव, हॉबिटन, पश्चिम फार्दिंगातच आहे.

तेव्हा सॅम फ्रोडोला ‘तुम्ही’ म्हणेल हे नक्की. पण ते माळ्याच्या पोराने मालकाला म्हटलेलं ‘तुम्ही’, की दुसरं? यादीत ‘सॅम’पुढे ‘तुम्ही’ लिहून ठेवलंय. सूर कुठला लावायचा ते सहाव्या भागाचं तिसरं प्रकरण ज्याच्या वाट्याला येईल त्याने ठरवावं.