चार ईसा नि सतरा

फ्रेंच शिकायला फ्रान्समधल्या नीसला पोचले त्या संध्याकाळी बॅगा न उघडताच समुद्रावर गेले. मालवणची मुलगी दुसरीकडे कुठे जाणार? प्रोमनाद देझांग्ले या लांबलचक रस्त्याच्या कडेला निळ्या खुर्च्या, खाली शाईची दौत लवंडल्यासारखं पाणी. चपला हातात घेतल्या, पायऱ्या उतरले आणि तिसऱ्या पावलाला "आई गं!" वाळू नाहीच. अख्खा किनारा गोट्यांचा, सुपारीपासून कैरीएवढ्या.

मग सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वाट बघत बसले. दीड तास झाला, दोन झाले, पाणी जागचं हलेना. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी इथे जेमतेम वीतभर. भूगोलात वाचलं असेलही, पण सुकती लागली की कालवं काढायला पळणाऱ्यांच्या डोक्यात ते शिरत नाही. त्यात फ्रेंचमध्ये समुद्र स्त्रीलिंगी, ला मेर. ही बाई घर सोडून कुठे जातच नाही!

लिंगांचं मात्र मला फारसं भय नव्हतं. वर्गातला इंग्रज मुलगा खुर्ची बाई का, यावर रोज वैतागतो. तीन लिंगं सांभाळून मोठे झालेले आपण, दोनांना काय घाबरायचं? खुर्ची दोन्हीकडे ती. चंद्र मात्र तिकडे ती होतो, तिथे जीभ अडते. 'त्यु' आणि 'वू' म्हणजे तर सरळ तू आणि तुम्ही. अडचण वेगळीच निघाली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मला नावाने हाक मारा आणि 'त्यु' म्हणा. आईच्या वयाच्या बाईंना अगं-तुगं? पंधरा दिवस मी कर्त्याशिवायची वाक्यं बोलत होते.

पुण्यात दोन वर्षं घासूनपुसून शिकलेली फ्रेंच रस्त्यावर आली की कोणी ओळखत नाही. 'मला माहीत नाही' म्हणजे 'झ न से पा', हे मी परीक्षेत सुंदर लिहिलं होतं. इथे सगळे म्हणतात 'शेपा'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरोखर शेपूची जुडी डोळ्यांपुढे आली. पावाला मी नाकातून नाजूक 'पँ' म्हणायला शिकले होते, बेकरीतले म्हातारे काका त्याला दक्षिणी हेल काढून 'पेंग' म्हणतात. नाकात बोलण्यावरून पुण्यात माझी टिंगल व्हायची, इथे ते कौशल्य ठरलं. जुन्या नीसमध्ये रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत, फ्रेंच आणि इथली निसार्ट. हे शहर फ्रान्सकडे आलं 1860 साली, त्यामुळे घरची बोली वेगळी. मालवणीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तोफेचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. रोज दुपारी बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून धडाम होतं. पहिल्या दिवशी मी टेबलाखाली जायचीच राहिले होते. बाकीच्यांनी वह्या मिटल्या.

जेवायला सोका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. तांब्याच्या भल्यामोठ्या ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं, वर मिरपूड. म्हणजे बेसनाचा पोळाच. हातानेच खातात. ओवा असता तर बरं झालं असतं, पण ते कुणाला सांगणार.

खरी फजिती आकड्यांनी केली. घरमालकीणबाईंनी फोन नंबर सांगितला, इथल्या रीतीने दोन-दोन आकडे जोडून. त्या म्हणाल्या 'स्वासांत', मी लिहिलं साठ. पुढे 'दिसेत', मी लिहिलं सतरा. ते दोन्ही मिळून सत्त्याहत्तर होते. सत्त्याण्णव तर 'कात्र-वँ-दिसेत', चार-वीस-सतरा. तिथे मी ऐंशी आणि सतरा मांडले. दहा आकडी नंबर वहीत चौदा आकड्यांचा झाला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' म्हटलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! त्या सगळ्यांना इथे आठवडाभर आणायला हवं.

रात्री वही पुढ्यात घेऊन बसले आणि आजी आठवली. शाळेचं तोंड न पाहिलेली, अंगणात नारळ विसाविसांनी मोजणारी. चार ईसा नि दहा झाले की ती खडू मागायची. मी नंबर पुन्हा मोठ्याने म्हटला. चार ईसा नि सतरा.

सकाळी फोन लावला. पहिल्याच घंटेला मालकीणबाईंनी उचलला.