वळीव पडला की काँग्रेस गवतासाठी सगळा बांध एका दिवशी धरा

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की बांधावर, गाडीवाटेवर आणि नाल्याच्या काठाला काँग्रेस गवताची रोपं दिसू लागतात. पानं गाजरासारखी चिरलेली, जमिनीला चिकटून गोल पसरलेली. हातात सापडतं ते याच अवस्थेत. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं येतात आणि एका झाडाखाली 10 ते 25 हजार बिया पडतात. नेमकी तेव्हाच भाताची लावण नाहीतर सोयाबीनची भांगलण चालू असते, बांधाकडे बघायला कुणाला सवड नसते. दरवर्षी ते निसटतं ते इथेच.

हे बी पाण्याबरोबर, ट्रॅक्टरच्या टायरला लागलेल्या चिखलाबरोबर, उसाच्या ट्रॉलीतून, विकतच्या शेणखतातून आणि प्लॉटवर ओतलेल्या मुरुमातून येतं. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलं की वरच्या अंगाचं बी खालच्या भातशेतीत येऊन बसतं. त्यामुळे एकट्याने आपलं रान लख्ख केलं तरी पुढच्या पावसात गवत पुन्हा हजर. म्हणून सुरुवात वरच्या अंगाने करायची आणि पाणी जसं उतरतं तसं खाली यायचं.

त्यासाठी आधी एक फेरी मारा. कोणत्या सर्व्हे नंबरात गवत आहे, कसणारा कोण, उताऱ्यावर नाव कुणाचं, हे वहीत लिहून घ्या. वाट्याने कसणाऱ्याशी आणि मालकाशी, दोघांशीही बोला. बेळगावात किंवा पुण्यात राहणाऱ्या मालकाला फोनवर फोटो पाठवून होकार घ्या. सगळ्यात जास्त बी पडतं ते बांधकामाविना पडून असलेल्या प्लॉटांत, त्यामुळे त्यांचे मालक आधी गाठा.

बांधाच्या शेजाऱ्याशी बोलताना ‘तुमच्या शेतातलं गवत’ हा शब्द काढू नका. ‘काका, रविवारी सकाळी बांधावर एक माणूस द्या, एक आमचा असेल,’ एवढंच पुरतं. आणि बांधावर कुदळ अजिबात न्यायची नाही. माती हलली की बांध सरकवल्याचा संशय येतो आणि गवत बाजूलाच राहतं. खुरपं आणि हात, बस.

उपटायचं ते पावसानंतर एक-दोन दिवसांत, माती मऊ असताना. बुडाशी धरून मुळासकट ओढा. कोरड्या जमिनीत ते वरच तुटतं आणि बुडख्यातून दुप्पट फुटवे येतात. विळ्याने कापल्यावरही तेच होतं. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल हवाच. या गवताने अंगावर चट्टे उठतात, खाज सुटते, परागांनी दमा बळावतो. भांगलणीच्या बायकांना उघड्या हातांनी या कामाला लावणं चूक आहे, मोज्यांचा खर्च मालकांनी वाटून घ्यावा. ज्याला एकदा याची ॲलर्जी झाली आहे त्याने लांबच राहावं.

फुलं येण्याआधीचं गवत कंपोस्टला चालतं. खड्डा 3 फूट खोल, 6 फूट रुंद, 10 फूट लांब. थरावर थर गवत, वर शेणकाला आणि माती, ओल राखायची आणि शेवटी शेणमातीने लिंपायचं. चार-पाच महिन्यांत खत होतं. फुलावर आलेलं गवत मात्र या खड्ड्यात नको. मधला भाग तापतो, कडा थंड राहतात आणि तिथलं बी जगतं. ते खताच्या रिकाम्या पोत्यात भरून, तोंड बांधून न्या, सुकवून एकाच जागी जाळा.

मिठाचं पाणी, 15 लिटरच्या पंपाला 2 ते 3 किलो मीठ, फक्त भिंतीकडेला किंवा रस्त्याच्या कडेला, कोवळ्या रोपांवर आणि उन्हात. शेताच्या बांधावर ते मारू नका, माती खारावते. टू-फोर-डी या तणनाशकाची फवारणी सोयाबीन, भाजीपाला किंवा द्राक्षबागेच्या शेजारी वाऱ्यात केली तर त्या पिकांची पानं वाकडी होतात, आणि मग शेजारी पुढच्या वर्षी माणूस देत नाही.

गायरान आणि नाल्याचा काठ हातांनी संपत नाही. तिथे हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा सोडावा. 1984 साली तो बेंगळूरमध्ये पहिल्यांदा सोडला गेला. रंग फिकट पिवळसर, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. जिथे दिसेल तिथे पावसाळ्यात झाडं हलवून, भोकं पाडलेल्या बाटलीत त्याच गवताच्या पाल्यासह गोळा करा आणि दाट गवतात एकाच जागी पाचशेच्या वर सोडा. थोडे थोडे विखरून सोडलेले टिकत नाहीत. त्या तुकड्यात उपटायचं नाही, फवारायचंही नाही. थंडीत ते मातीत दडतात, पुढच्या पावसात वर येतात. म्हणून ती जमीन नांगरू नये.

रिकामी झालेली जागा उघडी ठेवली की गवत परत येतं. तिथे टाकळा येऊ द्या. दिवाळीनंतर त्याच्या शेंगा जमवून ठेवा, वळवाआधी फोका. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजीही मिळते.

पहिल्या उपटणीनंतर तीन आठवड्यांनी दुसरी फेरी हवी, उसाच्या पाटाकडेला तर हिवाळ्यातही, कारण तिथे ओल सरत नाही. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं. वहीत प्रत्येक नंबरापुढे तारीख लिहा आणि निदान चार पावसाळे तेच बांध पुन्हा तपासा.