बॅरलला भोक पाडायची परवानगी

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आम्ही जाळ्यांसाठी एचडीपीई या मजबूत प्लास्टिकचा दोरा काढतो. गेल्या वर्षी तंतू सारखे तुटायला लागले. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं की आत न वितळलेली बारीक गाठ दिसायची. पॅनेलवर मात्र २२० अंश, सगळं ठीक. बॅरल म्हणजे मशीनची तापवलेली नळी, तिच्यात स्क्रू फिरून प्लास्टिक वितळवत पुढे ढकलतो. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, त्या बॅरलच्या लोखंडाचं तापमान सांगतो, आतला माल वितळला का ते नाही. म्हणून अल्ट्रासाउंड लावायचं ठरवलं, म्हणजे बॅरलच्या भोकातून मालात आवाज सोडून त्याचे प्रतिध्वनी बघायचे.

अडलं ते परवानगीत. मशीन वॉरंटीत, भोक पाडायला पुरवठादाराचं पत्र हवं. पहिल्या मेलला बारा दिवसांनी उत्तर आलं, लेटरहेडवर अर्ज द्या. दिला. मग बॅरलचं ड्रॉइंग मागितलं. मशीन त्यांनीच बनवलेलं, तरी मी व्हर्निअर घेऊन बसलो आणि मोजमापं काढून पाठवली. मग सही करणारे साहेब रजेवर. फोन केला की ‘फाइल वर गेलीय’. असे सात आठवडे गेले. १ जूनपासून मासेमारी बंद, तेव्हाच नाखवे जाळी दुरुस्तीला काढतात आणि दोऱ्याला खरी मागणी येते. त्याच दिवसांत मी रोज मेल उघडून बघत होतो. अजून आठवलं की संताप येतो.

शेवटी आमचे फिटर काका म्हणाले, “साहेब, हा बोल्ट कसला हो?” स्क्रूच्या शेवटच्या भागावर प्रेशर सेन्सरचं भोक होतं, प्लग मारून बंद केलेलं. अर्धा इंच, इंचाला २० आटे, हेच माप बहुतेक मशीनना असतं. तुम्ही आधी हा प्लग शोधा, अर्ज नंतर.

त्या मापाचा स्टीलचा रॉड लेथवर करून घेतला. आवाज सोडणारा आणि ऐकणारा प्रोब बाहेरच्या टोकाला, तिथे पाणी फिरवायचं, कारण साधा प्रोब एवढी उष्णता सोसत नाही. स्क्रीनवर दोन प्रतिध्वनी दिसतात, एक रॉडच्या टोकाचा, दुसरा स्क्रूवरून परतलेला. मध्ये ३ मिमी माल असला आणि तो नीट वितळलेला असला, तर दोन्हींच्या वेळेतलं अंतर साधारण ६ मायक्रोसेकंद. घन कणात आवाज जास्त वेगाने जातो आणि विखुरतोही, त्यामुळे दुसरा प्रतिध्वनी खाली-वर नाचतो, कधी लवकर येतो.

हो, रॉड आत पुढे येऊ देऊ नका, स्क्रू घासेल. आणि बाजू गुळगुळीत ठेवू नका, आटे पाडा, नाहीतर फसवे प्रतिध्वनी येतात.

आमचा दुसरा प्रतिध्वनी नाचत होता. बॅरलच्या दुसऱ्या झोनला, म्हणजे तापवायच्या दुसऱ्या टप्प्याला, १० अंश वाढवले, स्क्रू थोडा हळू केला, तेव्हा तो स्थिर झाला. त्या पाळीत तंतू तुटून एकही बॉबिन थांबली नाही.