सातबारा नसलेली जमीन

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणारा माझा भाचा व्हिएतनाममधल्या जागेच्या भाडेकराराचा मसुदा घेऊन परवा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला. व्हिएतनामचा युरोपीय संघाशी झालेला व्यापार करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू आहे आणि तिथल्या कंपनी कराचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे, हे त्याला पाठ होते. जमिनीचे कलम मात्र (नेहमीप्रमाणे) वाचायचे राहिले होते. तिथे जमिनीवर खाजगी मालकी नसते, ती समस्त जनतेची मानून सरकार तिचा कारभार पाहते, आणि परदेशी कंपनीला मिळतो तो केवळ वापराचा हक्क, तोही सहसा ५० वर्षांपर्यंतच. जुन्या औद्योगिक वसाहतीत तर मूळ मुदतीतली उरलेली वर्षेच पदरात पडतात.

“म्हणजे मामा, सातबारा नाहीच?”

मी पेन्सिलीने खूण केली. २९ वर्षे उरली होती.